तिसऱ्यांदा विचारलं तर

"या खोऱ्यातून उद्या असा वारा सुटणार आहे, की साऱ्या देशाचा व्यापार त्यानं हलेल," असं डीन जेगल ध्वनिक्षेपकावरून म्हणाले आणि त्याच क्षणी त्यांच्या मागे बांधलेल्या कापडी फलकाची वरची दोरी सुटली. फलक लांबरुंद होता. 'पदव्युत्तर व्यवस्थापन विद्यालयाचे गामगोल गावात हार्दिक स्वागत' एवढा मजकूर त्यावर मावला होता, तेव्हा डीनही सहज मावले. काही वेळ भाषण फलकाच्या आतूनच चालू राहिलं. 'हार्दिक' जिथं होतं, तिथं त्यांचं डोकं खालीवर होताना दिसत होतं.

गामगोलच्या लोकांनी माना खाली घातल्या. मोठ्या माणसाची फजिती झाली तर ती बघायची नाही, अशी तिथली रीत. सगळेजण आपापल्या बुटांकडे बघत बसले आणि त्यामुळेच कुणी मदतीला उठलं नाही. शेवटी प्यो सांगगू उठला. तो झाडावरून थेट सभेला आला होता, त्यामुळे फळं उतरवायची लांब काठी त्याच्या हातातच होती. पिकलं पर्सिमन न दुखवता उतरवावं तसा त्यानं डीनवरून फलक उतरवला. आतून केस उभे राहिलेले डीन निघाले आणि कमरेत वाकले.

"वारा फार आहे हो तुमच्याकडे, आजोबा," ते म्हणाले.

"तेवढंच आहे आमच्याकडे," सांगगू म्हणाला.

ते खरंच होतं. गामगोलचं पर्सिमन, म्हणजे टोमॅटोसारखं दिसणारं नारिंगी फळ, झाडावरून काढून तसंच चावलं, तर जिभेला सुतळी गुंडाळल्यासारखं होतं. ते सोलायचं, देठाला धरून मांडवात टांगायचं आणि खिंडीतल्या वाऱ्याच्या हवाली करायचं. वारा त्याला थंडीभर चाटत बसतो आणि चाटून चाटून गोड करतो. बाकी माणसानं करायचं ते काही फार नाही. फक्त पाठ मोडेपर्यंत सोलायचं. सांगगूचा मांडव त्याच्या बापानं घरामागच्या उतारावर खिंडीकडे तोंड करून बांधला होता. मधे एक प्राथमिक शाळेचं मैदान होतं. पोरांनी वारा अडत नाही, हे बापाला ठाऊक होतं.

पुढं गावातली पोरंच संपली. शाळेच्या शेवटच्या वर्गात सांगगूचा पुतण्या गीथे एकटाच होता, आणि तरी त्याचा दुसरा नंबर आला, असं गाव अजून म्हणतं. मग शाळेला कुलूप लागलं, मैदानात गवत वाढलं, आणि त्या गवतात एके दिवशी डीन जेगल उतरले.

विद्यालय सुरू झालं ते दोन खोल्यांत. विद्यार्थी म्हणजे तालुक्याचेच लोक : एक लॉजवाला, एक सहकारी बँकेचा व्यवस्थापक, एक अंत्यविधीचं सामान विकणारा. शनिवारी येत, फळ्यावर बाण काढलेले बघत आणि आपला धंदा आजवर कसा काय चालला याचं आश्चर्य करत घरी जात. पण विद्यालय वाढलं. मंगोलियातून पोरं आली, व्हिएतनाममधून मुली आल्या. बंद पडलेल्या भातगिरणीत कॉफीचं दुकान निघालं. दिवसाला दोनदा येणारी बस तासाला येऊ लागली. गीथेला तिथंच पहारेकऱ्याची नोकरी मिळाली, निळा गणवेश मिळाला. सांगगूची बायको, जिला माहेराच्या नावानं सारा गाव ओक्चनवाली म्हणायचा, ती त्या बसनं तालुक्याला जाऊन गुडघे शेकून घेऊ लागली.

"देव भलं करो त्या शाळेचं," ती बसमधून उतरताना म्हणायची. त्या वेळी ते मनापासून होतं.

विद्यालय आपलं ऋण फेडायला उत्सुक होतं. 'एक घर, एक गट' अशी योजना निघाली. सांगगूच्या वाट्याला लॉजवाला ब्यन आणि त्याचा गट आला. गट दरवर्षी नेमका सोलणीच्या दिवसांत यायचा, खालून शेकोटीनं तापवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसायचा, कोबीच्या सुपाबरोबर दोन-दोन वाट्या भात खायचा आणि घराचा विकास करायचा. पहिल्या वर्षी त्यांनी शोधून काढलं की सांगगूच्या पर्सिमनांना चव आहे, पण गोष्ट नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी गोष्ट तयार केली. तिसऱ्या वर्षी खोक्यावर सांगगूचं हसरं छायाचित्र आलं.

"खोक्यावर हसतोस, आम्हाला बघून का नाही हसत?" गावप्रमुख थाक फिलसू त्याला चारचौघांत म्हणाला.

"त्या दिवशी दात दुखत होता. तोंड उघडं होतं, एवढंच," सांगगू म्हणाला.

पण खोकं त्यानं देव्हाऱ्यासारखं फळीवर मांडून ठेवलं होतं, हे ओक्चनवालीला माहीत होतं. त्यानंतर त्याला 'शिवारातले प्राध्यापक' ही पदवी मिळाली, काळा झगा आणि गोंड्याची टोपी घालून त्याचा फोटो निघाला, आणि तो फोटो बापाच्या फोटोशेजारी लागला. बापाच्या डोक्यावर साधी गवती टोपी होती. सांगगू येता-जाता दोन्ही टोप्यांकडे बघायचा. वर्गात त्यानं एकदा व्याख्यानही दिलं. सोलायचं, टांगायचं आणि थांबायचं, हे सांगून झालं तरी घड्याळात बराच तास शिल्लक होता. तेव्हा त्यानं एकेका विद्यार्थ्याला तुझी आई कशी आहे, असं विचारलं. मंगोलियाची दोन पोरं रडली. व्याख्यान फार गाजलं.

सांगायचा मुद्दा हा, की डीन जेगल गुंडाळलेला नकाशा काखेत मारून घरी आले, तेव्हा सांगगूच्या अंगावर मानाचं ओझं आधीच बरंच चढलं होतं.

लसूण काढायचे दिवस होते. ओक्चनवालीनं सातूचा चहा केला. डीननी कष्टानं मांडी घातली आणि नकाशा उलगडला. चार मजले, सगळी काच. नाव 'समाजसेवा भवन'. सांगगूनं आपलं घर कागदावर शोधलं, तिथून बोट हळूहळू खिंडीकडे सरकवलं, आणि बोट भवनाला जाऊन थटलं. त्यानं बोट तिथंच ठेवलं. डीनना वाटलं, आजोबा पायऱ्या मोजताहेत.

"तुमच्याच शेजारी होतंय," डीन म्हणाले. "म्हणून आधी तुमच्याकडे आलो. तुम्हाला काही हरकत?"

आता गामगोलमध्ये विचारण्याची आणि सांगण्याची एक पद्धत आहे. पहिलं 'नाही' सभ्यतेचं. दुसरं 'नाही' विचारणाऱ्याच्या मानाचं. खरं काय ते तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगायचं. जेवायला बसल्यावर हेच, मुलगी बघायला आल्यावर हेच. दोनदा नको म्हटलेल्या माणसाला तिसऱ्यांदा न वाढणारी सून त्या गावात आजवर आलेली नव्हती.

"छे, हरकत कसली," सांगगू म्हणाला.

"नक्की ना?"

"तुम्ही एवढं गावासाठी करताय. आम्ही काय हरकत घेणार?"

सांगगूनं चहाची वाटी खाली ठेवली, घसा साफ केला आणि तिसऱ्या प्रश्नासाठी ताठ बसला. चुलीपाशी ओक्चनवालीनं हातातला चमचा थांबवला. वाक्य तयार होतं. इमारतीची कुणकुण गावात आधीच लागली होती, आणि सकाळपासून दोघांनी ते घासूनपुसून ठेवलं होतं : 'इमारत आमच्या वाऱ्यात येतेय, जरा पूर्वेला सरकवता आली तर बघा.'

"वा," डीन म्हणाले. त्यांनी नकाशा गुंडाळला, पायाला आलेल्या मुंग्या झटकल्या, आणि बूट घालायला उंबऱ्याशी गेले.

सांगगू गोंधळून उठला. माणूस दारात तरी विचारील, निदान फाटकात विचारील, म्हणून तो गेल्या हंगामातल्या सुकवलेल्या पर्सिमनांचा डबा घेऊन मागे धावला.

"हे न्या थोडे."

"अरे वा," म्हणत डीननी डबा पहिल्याच झटक्यात घेतला, आणि गाडी सुरू झाली.

सांगगू मोकळ्या हातांनी परत आला. ओक्चनवाली दारात उभी होती.

"एकदाही नको म्हणाले नाहीत?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग ते कसे विचारणार तिसऱ्यांदा," ती म्हणाली. "त्यांच्याकडे ते नसेलच."

संध्याकाळी सांगगू फिलसूकडे गेला. फिलसू खताची पोती रचत होता.

"तू हरकत नाही म्हणालास म्हणे," फिलसू म्हणाला.

"दोनदाच विचारलं त्यांनी."

"मग जाऊन सांग आता."

"न विचारता?"

फिलसूनं पोतं खाली ठेवलं. न विचारता काही सांगणं म्हणजे काय असतं, हे त्यालाही कळत होतं. "हे बघ सांगगू, बाकी सगळ्यांचे मांडव ओढ्याच्या पलीकडे. आडवा येतो तो तुझा एकट्याचा. तुझ्या एका मांडवासाठी मी त्यांना नको म्हणू, आणि उद्या बस बंद झाली की तुझीच बायको मला शिव्या देईल. तिचे गुडघे कोण शेकणार, मी?"

"शाळा तुझ्या जिभेवर बसलीय," सांगगू म्हणाला.

"आणि तुझ्या भिंतीवर. गोंड्याची टोपी घालून."

 सांगगू घरी आला आणि फोटोकडे न बघता झोपला.

इमारत पावसाळ्यात वर आली आणि पानगळीच्या आधी पुरी झाली. सुंदर होती, हे कबूल करायला हवं. सकाळी तिच्या काचेत अख्खा डोंगर दिसायचा, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी सांगगूचा मांडव उलटा दिसायचा. बायका बसमधून उतरल्या की तिच्यात बघून केस नीट करायच्या.

पहिलं दव गोठलं आणि सोलणी सुरू झाली. दोघं नवरा-बायको पहाटेपासून पाटावर बसायची. सुरी देठापासून खाली उतरायची, साल एकसंध लांब पट्टीसारखी मांडीवर पडायची. फळाच्या चिकानं अंगठे आधी पिवळे आणि मग काळे झाले. दुपारनंतर बोटं आखडून जात. ओक्चनवाली भाताच्या वाटीभोवती ती गुंडाळून बसायची, ऊब लागली की सुटायची. सोललेली फळं दोरीला लावून सांगगू मांडवात चढायचा, हात वर करकरून त्याच्या खांद्यातून कटकट आवाज यायचा. पंधरवड्यात मांडव भरला. खालून वर बघितलं तर नारिंगी पावसाची धार मधेच थांबून राहिल्यासारखी दिसे.

थांबूनच राहिली होती. एकही माळ हलत नव्हती.

त्यात त्या साली थंडीनं दगा दिला. ऊन नाही, गारठा नाही, नुसतं धुकं. सांगगू बोट ओलं करून हवेत धरायचा. बोट ओलंच राहायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी देठांशी राखाडी लव दिसायला लागली. मग एकेक फळ सुटून खालच्या फळ्यांवर पडू लागलं. थप्प. थोड्या वेळानं पुन्हा, थप्प. जेवताना आवाज आला की दोघं घास तसाच धरून थांबायची, पुढचा आवाज येईपर्यंत.

लॉजवाल्या ब्यनचा गट धावून आला. ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी स्वतःच्या खिशातून मोठाले पंखे आणले. पंख्यांसमोरची फळं दोन दिवसांत बाहेरून चामडं झाली आणि आतून तशीच पचपचीत राहिली.

"गुरुजी, हे नवीन उत्पादन म्हणून विकता येईल का?" ब्यननं विचारलं.

"बुटाला शिवता येईल," सांगगू म्हणाला. ब्यननं मान डोलावली आणि त्यावर विचार केला.

मांडवातलं पीक म्हणजे त्या घराचं वर्षाचं पोट. दुसरं काही नव्हतं. उताराच्या त्या तुकड्यावर दुसरं काही उगवतही नव्हतं. मुलगी मीरान शहरातून फोनवर म्हणाली, "बाबा, सरळ जाऊन भांडा ना." सांगगूनं तिला विचारलं, तिकडे थंडी कशी आहे.

मग एका सकाळी भवनात बाकं आली. इमारतीच्या पोटातून आरपार एक रुंद बोळ काढलेला होता. एक तोंड खिंडीकडे, एक तोंड सांगगूच्या मांडवाकडे, आणि दोन्ही तोंडांना आपोआप सरकणारी काचेची दारं. हमाल बाकं आत नेताना दोन्हीकडे उभे होते, त्यामुळे दोन्ही दारं उघडी राहिली. सांगगू मांडवाखाली सडकी फळं वेचत होता. त्याच्या मानेवर गार काहीतरी लागलं. वर बघतो तर सगळ्या माळा एकदम, शाळेतली पोरं 'वळा' म्हटल्यावर वळावीत तशा, हलकेच वळल्या.

"मीरानची आई," तो हळूच म्हणाला, मोठ्यानं बोललं तर वारा बुजेल अशा बेतानं. "बाहेर ये."

ती आली आणि वर बघत उभी राहिली. हमालांचं काम झालं, दारं मिटली. माळा थांबल्या.

त्याच दुपारी सांगगूनं दोन विटा नेऊन दोन्ही दारांच्या रुळांत ठेवल्या. तासाभरात गीथे त्या विटा घेऊन परत आला. निळा गणवेश, दोन्ही हातांत एकेक वीट, मान खाली.

"काका, तुमच्या विटा विसरल्या वाटतं तिथं."

"विसरल्या असतील," सांगगू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विटा पुन्हा विसरल्या, आणि गीथेनं पुन्हा परत आणल्या. या वेळी तो उंबऱ्यावर बसला. "काका, आत ऊब कोंडून ठेवायची असते. दार उघडं राहिलं की वर लाल दिवा लागतो, आणि मला विचारतात. माझं काम काय, तर दार उघडं राहू द्यायचं नाही. बाकी तिथं मला दुसरं कामच नाही हो."

"जेवलास का?" ओक्चनवालीनं विचारलं.

"जेवलो, काकू."

"खरंच जेवलास?"

"हो हो."

"जेवलास का रे?"

"नाही," गीथे म्हणाला, आणि आत येऊन बसला.

तो सूप पीत असताना सांगगू त्याच्याकडे बघत होता. "दारात माणूस उभा असला तर?" त्यानं विचारलं.

"माणूस असला तर उघडंच राहणार. दाराला डोळा असतो वरती. आणि माणसाला मी काय बोलणार?" गीथेनं चमचा थांबवला. त्याला काय ते कळलं. "काका," तो म्हणाला, आणि पुढं काही न म्हणता त्यानं सूप संपवलं. वीट उचलता येते. काका उचलता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून उजाडलं की दोघं निघायची. सांगगू खिंडीकडच्या दारात, ओक्चनवाली मांडवाकडच्या दारात. मधे तो लांब गुळगुळीत बोळ. दारं उघडत आणि त्यांना बघून उघडीच राहत. वारा सांगगूच्या पाठीत शिरायचा, त्याच्या कानांवरून, बोळातून, ओक्चनवालीच्या पदरासारख्या बांधलेल्या रुमालावरून, आणि पुढं वर, मांडवात. एकमेकांशी बोलायला अंतर फार होतं. ती त्याला बोटाएवढी दिसायची. मांडवातल्या माळा वळल्या की ती हात वर करायची आणि त्याला तेवढ्यानं कळायचं.

खाली उकिडवं बसून भागत नसे. ते तिनं पहिल्याच दिवशी करून बघितलं. ती बसली, तशी वरच्या डोळ्याला ती दिसेनाशी झाली आणि काच तिच्या खांद्याला येऊन लागली. तेव्हा उभंच राहायचं. एका गुडघ्यावर भार टाकायचा, तो भरून आला की दुसऱ्यावर. संध्याकाळी घरी आल्यावर तिचे गुडघे पावासारखे फुगलेले असत. शेकायला तालुक्याला जायचं तर बस होती, तासाला एक. पण जाणार कशी, ती दारात.

विद्यार्थी आले की वाकून नमस्कार करायचे. प्राध्यापक प्यो स्वतः दारात उभे आहेत म्हटल्यावर कोण न वाकून जाईल? सांगगूही उलट वाकायचा. दिवसभरात त्याची कंबर सोलणीपेक्षा जास्त मोडे. वर्गांमध्ये गारठा पडला. पोरं अंगरखे घालून बाणांच्या आकृत्या बघू लागली, लाल दिवा दिवसभर लागलेला असे. पण वडील माणसाला 'जरा बाजूला व्हा' असं म्हणणारा माणूस त्या इमारतीत नव्हता. डीन स्वतः एकदा शालीत गुंडाळून आले, बोळात मधोमध उभे राहिले, दोन्हीकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. वाऱ्यानं असेल.

"गुरुजी, रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज," सांगगू म्हणाला.

"थंडी नाही वाजत?"

"छे."

डीननी दुसऱ्यांदाही विचारलं नाही. ते ऑफिसात गेले.

निम्मा माल गेला होता. निम्मा आकसला, तपकिरी झाला, त्याच्यावर पिठासारखी पांढरी साखर धरायला लागली. वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीपर्यंत वारा मिळाला तर तो निम्मा हाताशी येणार होता. नाही मिळाला तर तोही फळ्यांवर, थप्प.

भवनाचं उद्घाटन पहिल्या मोठ्या बर्फाच्या आठवड्यात ठरलं. समारंभ बोळातच होता, कारण गाव आणि विद्यार्थी मिळून मावतील अशी दुसरी जागा नव्हती. फुलांची मोठमोठी चक्रं तिकाटण्यांवर उभी केली होती. फिलसूनं टाय बांधला होता. सांगगूला झगा आणि गोंड्याची टोपी घालून पहिल्या रांगेत बसवलं, म्हणून त्या दिवशी खिंडीकडचं दार गीथेनं सांभाळलं; स्वागताला कुणीतरी हवंच, असं त्यानं आपल्या वरच्याला सांगितलं. दुसऱ्या टोकाला ओक्चनवाली होतीच. तिला कुणीतरी पाहुणी म्हणून आत बोलवायला गेलं होतं. ती तीनदा नको म्हणाली आणि जागची हलली नाही.

डीन जेगल बोलले. या वेळी मागचा फलक चारी कोपऱ्यांत खिळ्यांनी ठोकलेला होता. ते म्हणाले, की संस्था विटांनी वाढत नाही, माणसांनी वाढते. की या गावानं संस्थेला काय दिलं हे बघायचं असेल तर पहाटे या दारांपाशी यावं. "एक वृद्ध दांपत्य. कुणी सांगितलेलं नाही. पगार नाही. आमच्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी दिवसभर उभं राहतं. आम्ही ठरवलंय, की ही आता या विद्यालयाची परंपरा. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही." टाळ्या झाल्या. सांगगूनं हात मांडीवर ठेवले होते. काळे पडलेले अंगठे त्यानं मुठीत आत घेतले.

मग कुलगुरू म्यंग उठले. म्हातारा माणूस. पलीकडच्या खोऱ्यातला, आणि ते अजून त्याच्या बोलण्यात होतं. त्यांनी भाषणाचा कागद खिशातून काढलाच नाही. नुसतं बोळाच्या दोन्ही टोकांकडे बघितलं, मग काचेतून दिसणाऱ्या मांडवाकडे, आणि गावाकडे वळून विचारलं, "इमारत मोठी झालीय. गावाला काही अडचण?"

"छे, अडचण कसली," फिलसू उभा राहून म्हणाला.

"नक्की ना?"

"आमचं भाग्यच की."

फिलसू खाली बसला. डीननी टाळ्यांसाठी हात वर उचलले. पण कुलगुरू खाली बसले नाहीत. ते चालत पहिल्या रांगेपाशी आले, सांगगूसमोर थांबले, थोडे वाकले आणि तिथल्या म्हाताऱ्या लोकांसारखं, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "काही अडचण आहे का, बाबा?"

गामगोलच्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या. सगळे बुटांकडे बघू लागले. टोपीचा गोंडा सांगगूच्या डोळ्यांसमोर वाऱ्यानं इकडून तिकडे जात होता.

तो उभा राहिला. वाक्य होतं त्याच्याजवळ. लसणाच्या दिवसांपासून होतं, आणि ते एवढ्या वेळा मनात म्हणून झालं होतं की त्याच्या कडा झिजल्या होत्या. पण त्यातलं 'जरा पूर्वेला सरकवता आली तर' हे आता कुणाला म्हणायचं? चार मजले उभे होते. गीथे निळ्या गणवेशात त्या दारात होता, आणि दुसरं त्याला कामच नव्हतं. बाहेर तासाची बस येऊन उभी राहिलेली काचेत दिसत होती. डीन त्याच्याकडे लेकरानं बापाकडे बघावं तसे बघत होते. आणि दुसरं वाक्य, दारं तेवढी उघडी ठेवा हे, म्हणावं तर मग इतके दिवस स्वागत कुणाचं होत होतं, हे सगळ्यांदेखत डीनना कळलं असतं. पुन्हा एकदा फलक डीनच्या डोक्यावर आला असता, आणि या वेळी तो पाडणारी काठी सांगगूच्या हातात असती.

त्यानं माणसांच्या डोक्यांवरून पलीकडे बघितलं. बोळाच्या टोकाला, बोटाएवढी, ओक्चनवाली उभी होती. रबरी बूट. दोन्ही हात पोटावर. तिनं डाव्या गुडघ्यावरचा भार उजव्यावर घेतला. थोड्या वेळानं उजव्यावरचा डाव्यावर. मागे मांडवात माळा वळल्या असाव्यात, कारण तिनं सवयीनं हात वर केला.

"अडचण म्हणजे तशी नाही," सांगगू म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता. कुलगुरू कान पुढं करून थांबले. डीननी खिशातून पेन काढलं.

"फक्त दोन स्टुलं मिळाली तर," तो म्हणाला. "जरा उंच हवीत, म्हणजे दाराला दिसेल. प्लॅस्टिकची चालतील."